चार बोटं काच

दोन पावसाळ्यांपूर्वीची गोष्ट. रात्रीचे साडेनऊ, पूर्व द्रुतगती महामार्ग, कांजूरमार्गच्या आसपास गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकत होत्या. मी गाडीत एकटी. एक स्कूटरवाला शेजारी आला, काचेवर टकटक केली आणि मागच्या चाकाकडे बोट दाखवून काहीतरी सांगू लागला. मी काच खाली केली नाही. त्याच्याकडे नीट बघितलंही नाही. महिन्याभरापूर्वी आमच्या ऑफिसातल्या एकाचा फोन सायनच्या सिग्नलला अस्साच गेला होता. एकाने डावीकडची काच बडवून ‘पायावरून गाडी घातलीस’ म्हणून आरडाओरडा केला, हा त्याच्याशी हुज्जत घालत बसला, तेवढ्यात दुसऱ्याने उजव्या खिडकीतून हात घालून डॅशबोर्डवरचा फोन उचलला. पोलीस त्यांना ठकठक गँग म्हणतात. तेव्हा मी दारं लॉक आहेत ना एवढं पाहिलं आणि गर्दी फुटल्याबरोबर पाय दाबला. मुलुंडपर्यंत गाडी एका बाजूला ओढत राहिली. नाक्याजवळ धडधड इतकी वाढली की उतरावंच लागलं. मागच्या टायरच्या चिंध्या झाल्या होत्या, रिमही गेली होती. पंक्चरवाला खाली वाकून बघत म्हणाला, “रस्त्यात कोणी सांगितलं नाही का, मॅडम?”

सांगितलं होतं की!

मी चुकले का, हे मला आजही धड सांगता येत नाही. सहकाऱ्याचा फोन खरा गेला होता आणि स्कूटरवालाही खरंच बोलत होता. एकाच टकटकीचे हे दोन अर्थ, आणि त्यातला कुठला खरा हे ठरवायला दोन सेकंद. मुंबईत गाडी चालवणाऱ्या माणसाची, त्यातही बाईची, सगळी अडचण त्या दोन सेकंदांत आहे. सावध किती राहायचं, आणि सावधपणाच्या नादात जगणं किती आखडून घ्यायचं?

या प्रश्नाची उत्तरं आपल्याकडे बहुतेक वेळा व्हॉट्सॅपवरून येतात. समोरच्या काचेवर कोणी अंडी फेकली तर वायपर लावू नका, पाणी सोडू नका, काहीच दिसेनासं होईल आणि तुम्हाला लुटतील. रस्त्याच्या कडेला रडणारं मूल दिसलं तरी थांबू नका, त्यामागे टोळी असते. हा अंड्यांचा मजकूर मला इतक्या वर्षांत इतक्या जणांनी पाठवला आहे की तेवढ्या अंड्यांत मुलुंड ते फोर्ट रस्ता माखून निघाला असता. प्रत्यक्षात असा प्रकार झालेला माणूस मला अजून भेटलेला नाही. पण आमच्या घरात हा सल्ला सगळ्यांना पाठ आहे. मागच्या सीटवरचा बेल्ट कुठून ओढायचा, हे मात्र गेल्या गणपतीपर्यंत निम्म्या घराला ठाऊक नव्हतं.

माझं म्हणणं एवढंच आहे, की काळजी ही काही न आटणारी विहीर नाही. माणसापाशी ती मोजकीच असते आणि आपण ती भलत्या ठिकाणी उधळतो. परक्या माणसाच्या भीतीवर बारा आणे घालवतो. वेग, बेल्ट, फोन, झोप यांच्या वाट्याला उरलेले चार आणे येतात. हिशेब खरं तर उलटा हवा.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ साली देशात १,६८,४९१ माणसं रस्त्यावर मेली. त्यातले सुमारे ७१ टक्के मृत्यू अतिवेगाच्या खात्यावर आहेत. बेल्ट न लावल्यामुळे गेलेले १६,७१५. त्यांत ८,३८४ चालक आणि ८,३३१ प्रवासी, म्हणजे जवळपास अर्धे स्टिअरिंगवर नव्हतेच. ते नुसते बसले होते. गप्पा मारत असतील, डुलक्या काढत असतील, डबा उघडून कोणाला तरी चकली देत असतील.

त्याच वर्षी ४ सप्टेंबरला पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ, सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री गेले. गाडी महागडी आणि सुरक्षित म्हणून नावाजलेली. मागे बसलेले दोघे जागीच संपले, पुढचे दोघे जबर जखमी होऊन का होईना, वाचले. मागच्या दोघांनी बेल्ट लावला नव्हता. त्यानंतर १ नोव्हेंबर २०२२ पासून मुंबई पोलिसांनी गाडीतल्या सर्वांना बेल्ट सक्तीचा केला. मागच्या सीटचा नियम पुस्तकात आधीपासून होताच, फक्त तो कोणी काढून वाचत नव्हतं. आठ-पंधरा दिवस सगळ्या गाड्यांत खटाखट बेल्ट लागले. मग ॲपवरून टॅक्सी मागवावी तर मागची बक्कलं सीट कव्हरखाली गाडलेली. विचारलं की उत्तर ठरलेलं, “पीछे का कोई नहीं लगाता, मॅडम.” घरच्या गाड्यांत तर याहून भारी कारागिरी. बेल्ट लावला नाही की गाडी किणकिणते, तिला गप्प करायला बाजारात नुसती चापडी मिळू लागली. तेवढी खाचेत खुपसायची, की गाडीला वाटतं बेल्ट लावला. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३च्या मे महिन्यात ऑनलाइन दुकानांवरून अशा चापड्यांच्या १३,११८ नोंदी काढायला लावल्या. जो आवाज आपला जीव वाचवायला ओरडतो, त्याचं तोंड बंद करायला आपण पैसे मोजतो आणि वर अंड्यांचा मजकूर दहा जणांना पाठवतो!

मुंबईकराचा यावर एक ठरलेला युक्तिवाद असतो. मुंबईत गाडी पळतेच कुठे? दादर ते माहीम जायला चाळीस मिनिटं लागतात, त्यात बेल्ट कशाला? दिवसा हे बरोबर वाटतं. पण हेच शहर रात्री अकरानंतर दुसरंच होतं. फ्रीवे रिकामा, कोस्टल रोड रिकामा, दोन्ही हायवे मोकळे, आणि दिवसभर गर्दीत कोंडलेला पाय आता सूड उगवतो. शिवाय खड्डा चुकवायला समोरच्याने अचानक ब्रेक मारला तर ताशी चाळीसचा वेगही मांडीवरचं मूल डॅशबोर्डवर नेऊन आपटायला पुरतो. मांडीवरचं मूल हा आमच्या समाजाचा वेगळाच विषय आहे. आई पुढच्या सीटवर, मांडीवर दीड वर्षाचं बाळ, बाळ खुशीत, कारण समोरचं सगळं दिसतं. काही बोलायला जावं तर ‘माझ्या मिठीत आहे ना’ हे उत्तर. गाडी अचानक थांबली तर त्या मिठीची ताकद पुरत नाही, आणि आईनेही बेल्ट लावला नसेल तर तिचं स्वतःचं वजनच त्या लेकरावर येतं. हे सांगणारा माणूस घरात अभद्र बोलणारा ठरतो. मी ठरलेली आहे.

आता दुसरी बाजू, कारण मी सगळी भीती हसण्यावारी नेली असं कोणाला वाटू नये. माझी लेक सव्वीस वर्षांची. बांद्रा-कुर्ला संकुलातून रात्री उशिरा गाडी चालवत घरी येते. तिच्यासाठी घरात सूचनांचा चोपडा तयार आहे. एकटी येऊ नकोस, काच उघडू नकोस, सर्व्हिस रोडने येऊ नकोस, कोणी मागे लागलंय वाटलं तर घरी न येता चौकीवर जा. यातली शेवटची सूचना उत्तम आहे, ती मीच दिली आहे. पण त्याच वयाचा माझा भाचा रात्री दोनला मित्रांना घेऊन लोणावळ्याला निघतो तेव्हा त्याला काय सांगितलं जातं? “येताना चिक्की आण.” रस्त्यावर मरणाऱ्यांत पुरुषांचा आकडा बायकांच्या कितीतरी पट आहे. म्हणजे ज्याचा जीव जास्त धोक्यात, त्याला मोकळीक, आणि जिला रस्त्याचा धोका त्यामानाने कमी, तिच्यावर संध्याकाळी सातची वेळ. मुलीला धोका नाही असं मी म्हणत नाही. तिला भीती वाटते ती पोकळ नसते, आम्ही सगळ्या जणी ती अंगावर वागवत मोठ्या झालो. पण तिच्या बाबतीत सावधगिरीचा अर्थ नेहमी ‘जाऊ नकोस’ असाच का निघतो? आणि मुलाच्या बाबतीत तो ‘हळू जा’ एवढाही का निघत नाही? पहिल्या सल्ल्याने आयुष्य आकसतं. दुसऱ्याने फार तर लोणावळा वीस मिनिटांनी लांबतं.

बंद काच म्हणजे सुरक्षितता, या समजाचं पाणी मुंबईने दोनदा जोखलं आहे. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या दिवशी काही माणसं बंद गाड्यांतच गुदमरून गेली. त्या रात्री काचा ठोठावत फिरणारे, मानवी साखळी करून लोकांना बाहेर काढणारे, बिस्किटं आणि चहा देणारे सगळे अनोळखीच होते. ज्यांच्यापासून जपायला काच बंद ठेवायची, तेच काच उघडा म्हणून सांगत होते. मग २९ ऑगस्ट २०१७. पुन्हा तसाच पाऊस. सायनजवळ एक तरुण वकील पाण्यात अडकलेल्या गाडीतच गुदमरला. आणि त्याच दिवशी शहरातले एक नामवंत पोटविकारतज्ज्ञ गाडी सोडून शहाण्यासारखे पायी घराकडे निघाले, ते परळ-प्रभादेवी भागात उघड्या मॅनहोलमध्ये गेले. एक जण गाडीत राहिला म्हणून गेला, दुसरे उतरले म्हणून. कुठल्या सूचनांच्या यादीत हे बसवायचं?

मला या दोन मृत्यूंची आठवण दर पावसाळ्यात येते. त्यातून निघणाऱ्या काही गोष्टी मी माझ्यापुरत्या ठरवल्या आहेत. पाणी अर्ध्या चाकाला लागलं की पुढे जायचं नाही, मागे वळायचं, मागचा कितीही हॉर्न वाजवो. गाडी बंद पडली आणि पाणी चढतंय असं दिसलं तर आधी काच खाली, मग बेल्ट सोडायचा, मग बाकीचा विचार, कारण वीज गेली की काच जागची हलत नाही. हाताशी छोटा हातोडा. तो समोरच्या काचेवर मारून उपयोग नाही, तिच्या दोन थरांमध्ये चिकट पापुद्रा असतो, ती तडकते पण फुटत नाही. बाजूच्या काचेच्या कोपऱ्यात मारायचा. (आमचा हातोडा मध्यंतरी दोन महिने गाडीत नव्हता. सापडला तेव्हा तो देवघराशेजारी होता. नारळ फोडायला बरा पडतो म्हणे.) आणि उतरल्यावर पाण्यातून चालायचंच असेल तर पुढे छत्री टोचत चालायचं, दुभाजकाला धरून.

पण छत्री टोचत चालायची वेळ नागरिकावर यावी, ही शरमेची गोष्ट कोणाची? मॅनहोलच्या झाकणाखाली जाळी असावी यासाठी विषय उच्च न्यायालयापर्यंत न्यावा लागला. वैयक्तिक सावधगिरीचा उदोउदो मला इथे खटकतो. तुम्ही बेल्ट लावा, तुम्ही हातोडा ठेवा, तुम्ही बाईमाणूस आहात तर लवकर घरी जा, इथवर सगळं तुमच्या गळ्यात. १३ मे २०२४ला घाटकोपरच्या छेडानगरात वादळ आलं तेव्हा लोकांनी जे केलं तेच मीही केलं असतं. पेट्रोल पंपाचा आडोसा धरला असता. उजेड असतो, माणसं असतात, कॅमेरे असतात. अडचण आली तर पंपावर थांब, असं मी लेकीलाही सांगते. त्या पंपावर शंभर फुटांहून उंच असं अवाढव्य होर्डिंग कोसळलं आणि १७ माणसं गेली. त्यांच्यापैकी कोणाची सावधगिरी कमी पडली होती? सुरक्षेचा जो भाग शहराने सांभाळायचा, तो सांभाळलेला नसेल तर काचेच्या आतला माणूस कितीही जपून वागला तरी उपयोगाचं नाही. म्हणून ‘नागरिकांनी काळजी घ्यावी’ या सरकारी वाक्याचा मला राग येतो. घेऊ की. पण ते वाक्य उच्चारणाऱ्याने आधी आपली घेतलेली दाखवावी.

काळ्या काचांचंही असंच. सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ला गाडीच्या काचांवर काळी फिल्म लावायला मनाई केली. कारण सुरक्षेचंच होतं, आत काय चाललंय ते बाहेरून दिसायला हवं. तेव्हा आमच्या ओळखीतल्या अनेकींनी कुरकुर केली, फिल्म असली की बाहेरच्याला बाई एकटी आहे हे कळत नाही. दोन्ही बाजू सुरक्षेचं नाव घेत होत्या. मला निकाल पटला, कारण अंधारी काच जिला लपवते तिला वाचवतेच असं नाही, आणि मदत हवी असेल तेव्हा तर ती आड येते. अर्थात आजही फिल्म दिसते, पण ती कोणाच्या गाडीवर दिसते आणि त्या गाडीवर कुठल्या रंगाचे स्टिकर असतात, हे मुंबईकराला सांगायला नको.

मग थांबायचं की नाही थांबायचं? रस्त्यात कोणी पडलेलं दिसलं तर? सर्वोच्च न्यायालयाने २०१६मध्ये मदत करणाऱ्याला संरक्षण देणारी नियमावली पक्की केली आणि २०१९च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आलं. जखमीला दवाखान्यात नेणाऱ्याने नाव सांगितलंच पाहिजे असं नाही, साक्षीदार व्हायची सक्ती नाही, पोलीस त्याला अडकवून ठेवू शकत नाहीत. हे कलम अंड्यांच्या मजकुराच्या एक दशांश वेळा जरी फिरलं असतं तरी फरक पडला असता. पण मदतीलाही रीत असते. ५ ऑक्टोबर २०२२ला भल्या पहाटे सी-लिंकवर एका अपघातानंतर मदतीला रुग्णवाहिका आणि माणसं थांबली होती, त्यांच्यावर मागून भरधाव गाडी आली आणि पाच जण गेले. चांगुलपणाला इतकी क्रूर शिक्षा मी क्वचित ऐकली आहे. तेव्हा थांबायचं असेल तर आपली गाडी पुढे नेऊन कडेला घ्यायची, चारही इंडिकेटर चालू, लाल त्रिकोण बराच मागे ठेवायचा आणि माणसांनी दोन गाड्यांच्या मध्ये उभं न राहता कठड्यापलीकडे जायचं. तो लाल त्रिकोण प्रत्येक नव्या गाडीबरोबर मिळतो. तो डिकीत स्टेपनीशेजारी असतो, आणि बहुतेकांचा अजून प्लॅस्टिकच्या पिशवीतून बाहेर निघालेला नसतो. थांबायचं धाडस नसेल तर पुढे जाऊन ११२ लावा. तेवढंही पुष्कळ असतं. न थांबणाऱ्याला भेकड म्हणायचा अधिकार मी स्वतःकडे ठेवलेला नाही. माझी रिम अजून मला आठवते.

त्या रिमनंतर मी एक जुना धडा नव्याने शिकले. माझे वडील गाडी चालवायला शिकवत होते तेव्हा म्हणायचे, अनोळखी माणसाशी बोलायचं तर काच चार बोटं खाली घे. चार बोटं म्हणजे आवाज आत येतो, हात येत नाही. तेव्हा मला ते घाबरटपणाचं वाटलं होतं. आता कळतं की तो तडजोडीचा फार शहाणा हिशेब होता. फोन डॅशबोर्डवर नाही, पर्स पायाशी, दारं लॉक, काच चार बोटं खाली, “काय झालं, दादा?” एवढं विचारायला दोन सेकंद पुरतात. टायर म्हणाला तर ‘बरं झालं सांगितलंत’ म्हणायचं, चारही इंडिकेटर लावून हळूहळू पुढच्या उजेडापर्यंत जायचं आणि तिथे उतरून बघायचं. त्याच्यावर विश्वास टाकायची गरज नाही, त्याला चोर ठरवायचीही नाही. कुठे थांबायचं ते मी ठरवते, एवढीच काय ती सत्ता माझ्याकडे आहे आणि ती पुरेशी आहे.

आमच्या सासूबाई ऐंशीच्या पुढच्या. गणपतीला पुण्याला निघालो तेव्हा मागे बसल्या आणि बेल्ट म्हटल्यावर कुरकुरल्या, पैठणी चुरगळते. वाद झाला. शेवटी खांद्यावर हातरुमालाची घडी ठेवून त्यावरून पट्टा घेतला. आता त्या गाडीत बसल्या की आपणहून रुमाल काढतात, आणि शेजारी कोण बसलंय त्यालाही ‘लाव गं’ म्हणतात. त्यांच्या प्रवासातला आनंद त्या पट्ट्याने तसूभर कमी झालेला मला दिसला नाही. खालापूरला वडा खायचाच, हेही त्यांनी तितक्याच ठामपणे सांगितलं. सवयीची झालेली खबरदारी अशी असते, ती कोणाच्या वाटेत येत नाही. वाटेत येते ती रोज नव्याने उगाळलेली धास्ती.

परवा रात्री लेक मैत्रिणींना घेऊन नरिमन पॉइंटहून निघाली. साडेअकरा झाले, पाऊस सुरू झाला. मी ठरवलं होतं की तिला सूचना द्यायच्या नाहीत, फक्त मागे बसलेल्या मुलींनी बेल्ट लावलेत का एवढंच विचारायचं. मी फोन लावला. दोनदा कट झाला, म्हणून तिसऱ्यांदा लावला. तेव्हा मागच्या सीटवरून कोणी तरी तिचा फोन घेतला आणि म्हणाली, “काकू, ती गाडी चालवतेय. फ्रीवेवर आहोत. घरी पोचली की करेल.”